कामाच्या ठिकाणी मानसिक आजार सांगावा का? सोलापूरच्या नोकरदारांसाठी चार मार्गांची तुलना

नैराश्य, चिंताविकार, द्विध्रुवीय (बायपोलर) विकार किंवा स्किझोफ्रेनिया यांपैकी एखाद्या आजाराचे निदान झाले की डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडतानाच पुढचा प्रश्न सोबत येतो: आता कामावर काय सांगायचे? बहुतेक घरांत हा प्रश्न 'सांगायचे की लपवायचे' अशा दोन टोकांत मांडला जातो आणि तेथेच निर्णय अवघड होऊन बसतो. प्रत्यक्षात मार्ग चार आहेत. पहिला, कोणालाही काही न सांगणे. दुसरा, एखाद्या विश्वासू सहकाऱ्यापुरते सांगणे. तिसरा, ज्याच्या हातात पाळी, रजा आणि कामाची वाटणी आहे त्याला आपली गरज सांगणे, मात्र आजाराचे नाव न सांगणे. चौथा, निदान आणि प्रमाणपत्र जोडून आस्थापनेला लेखी कळवणे.

माझे मत सुरुवातीलाच नोंदवून ठेवणे बरे. खासगी कारखाना, दुकान किंवा छोट्या कार्यालयातील बहुतेकांसाठी तिसरा मार्ग सर्वांत कमी जोखमीचा आहे. शासकीय सेवेत असलेल्या आणि आजार दीर्घकाळ चालणार असलेल्या व्यक्तीसाठी चौथा मार्ग अधिक हिताचा आहे, कारण कायद्याचे ठोस संरक्षण तेथेच मिळते. आणि एकदा कारणे दाखवा नोटीस हातात पडली की नोकरी कोणतीही असो, लेखी कळवण्याला पर्याय उरत नाही. ही मते कशावरून बनली, ते पुढे सविस्तर येईल.

सोलापुरात हा निर्णय वेगळा का ठरतो

पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांना समोर ठेवून दिलेले सल्ले येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्या शहरातील रोजगाराचा मोठा भाग यंत्रमाग, टॉवेल-चादरीचे कारखाने, तयार कपडे आणि गणवेश शिवणारी युनिटे, विड्यांचे काम, दुकाने, पतसंस्था आणि शाळा यांत आहे. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या अनेक युनिटांत मनुष्यबळ विभाग नावाची गोष्टच नसते. मालक, त्याचा मुलगा, हिशेब ठेवणारे कारकून आणि पाळी लावणारा मास्तर किंवा जॉबर, एवढाच कारभार असतो. अशा ठिकाणी 'गोपनीयरीत्या एचआरला कळवा' या सल्ल्याला अर्थ राहत नाही.

दुसरी गोष्ट माणसांच्या जवळिकीची. शहराच्या तेलुगूभाषक वस्तीच्या पूर्व भागात एकाच गल्लीत माग चालवणारा, माग लावून देणारा आणि मालक राहतो, तिघांचा समाज एक असतो आणि बहुधा लग्नकार्यही एकाच वर्तुळात होते. कारखान्यात सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत मराठीतून तेलुगूत जाते आणि घरातल्या धाकट्या बहिणीचे स्थळ पाहायला येणाऱ्यांच्या कानावर पोहोचते. लोकांना भीती वाटते ती नोकरी जाण्याची असतेच, पण घरातील मुलामुलींची लग्ने अडण्याची भीती अनेकदा त्याहून मोठी असते. या भीतीला अज्ञान म्हणून झटकून टाकणे योग्य नाही. निर्णय घेताना ती खरी किंमत म्हणून धरलीच पाहिजे.

तिसरी गोष्ट उचलीची. मालकाकडून उचल घेतलेली असेल तर कामगाराला काम सोडून दुसरीकडे जाण्याची मोकळीक उरत नाही, आणि ज्याला जाण्याची मोकळीक नाही त्याने सांगण्याचा निर्णय अधिक जपून घ्यावा.

गप्प राहणे

खासगी नोकरीत आपला आजार मालकाला सांगितलाच पाहिजे, असे सर्वसाधारण बंधन कायद्याने घातलेले नाही. उलट मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा अधिकार दिला आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे उपचार करणाऱ्यांनी रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते. त्याला अपवाद आहेत, उदाहरणार्थ न्यायालयाचा आदेश, जिवाला धोका किंवा इतरांना होऊ शकणारी इजा. पण 'मालकाने फोन करून विचारले' हा त्यातला अपवाद नाही. सिव्हिलमधील, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाणाऱ्या कामगाराने एवढे निश्चिंतपणे धरून चालावे, की तेथील डॉक्टर त्याच्या मालकाला काही कळवणार नाहीत. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत ओळखीचे कोणी दिसेल या धास्तीने जे तेथवर जातच नाहीत, त्यांच्यासाठी टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची शासकीय, निःशुल्क दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

ज्याचा आजार औषधांनी आटोक्यात आहे, ज्याला कामाच्या वेळेत कोणताही बदल नको आहे आणि ज्याला महिन्यातून एखाद्या दिवसाची रजा पुरते, त्याने गप्प राहण्यात काही गैर नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ठरावीक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे आणि त्यात वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा दिलेली आहे. नवी पेठेतल्या मोठ्या कापड दुकानात काम करणाऱ्या विक्रेत्याला दीड-दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाण्यासाठी ही रजा पुरेशी होते आणि तिच्यासाठी आजाराचे नाव सांगण्याची गरज पडत नाही.

मात्र गप्प राहणे आणि खोटे लिहून देणे यांतला फरक काटेकोरपणे पाळला पाहिजे. नोकरीच्या अर्जात किंवा वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर 'आपल्याला कोणता मानसिक आजार आहे किंवा होता का' असे स्पष्ट विचारले असेल आणि खाली सही करून 'नाही' लिहिले, तर पुढे प्रश्न आजाराचा राहत नाही. खोटी माहिती दिल्याचा होतो, आणि तो बचावाला फार अवघड असतो. फॉर्ममध्ये विचारलेलेच नसेल तर आपणहून सांगण्याची आवश्यकता नाही. हेच विमा प्रस्तावालाही लागू आहे. मानसिक आजारावरील उपचारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विमा संरक्षण द्यावे, असे याच कायद्याचे कलम २१ सांगते. पण स्वतःची वैयक्तिक पॉलिसी घेताना आजार लपवला तर पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. विमा कंपनीला खरे सांगणे आणि मालकाला न सांगणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. लोक या दोन्हींची गल्लत करतात, म्हणून हे वेगळे सांगावे लागते.

गप्प राहण्याची खरी किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे खाडे. आजार उसळला की माणूस तीन-चार दिवस कामावर जात नाही, फोन उचलत नाही, आणि हजेरीपुस्तकात नुसते खाडे दिसतात. बाहेरून पाहणाऱ्याला आजार आणि बेफिकिरी सारखीच दिसते, आणि मालकाच्या मनात या माणसाविषयी जे मत तयार व्हायचे ते याच चार दिवसांत तयार होते.

दुसरी किंमत सुरक्षिततेची आहे आणि सोलापूरच्या हवेत ती विशेष गंभीर ठरते. द्विध्रुवीय विकारात दिल्या जाणाऱ्या लिथियम या औषधाची रक्तातील पातळी फार अरुंद मर्यादेत ठेवावी लागते. म्हणूनच वेळोवेळी रक्ततपासणी करतात. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की ही पातळी वाढते आणि हात थरथरणे, उलट्या, जुलाब, तोल जाणे, गोंधळल्यासारखे होणे अशी विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि रंगाईच्या खात्यात, बॉयलरजवळ किंवा सायझिंगमध्ये (सुताला खळ देण्याच्या खात्यात) काम करणाऱ्याच्या अंगातून घामाच्या धारा लागतात. अशा माणसाला पाणी पिण्यासाठी आणि थोडे सावलीत बसण्यासाठी वारंवार थांबता येणे ही उपचाराइतकीच गरज आहे. त्यात अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी कोणी सहज हातावर ठेवली तरी लिथियमची पातळी वाढू शकते. मनोविकारांवरील इतर काही औषधांनीही उष्णता सहन करण्याची शक्ती कमी होते आणि सुरुवातीच्या आठवड्यांत गुंगी येते. चालत्या मागावर, कटिंग मशीनवर किंवा मालवाहू गाडीच्या चाकामागे गुंगी येणे म्हणजे काय, हे सांगायला नको. अशा कामांत पूर्ण मौन धोक्याचे आहे आणि निदान काही प्रमाणात तरी सांगितलेच पाहिजे. रेल्वेच्या सुरक्षेशी निगडित पदांवर तर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होतेच, तेथे गप्प राहणे हा मार्ग विचारात घेऊच नये.

एका सहकाऱ्याला सांगणे

हा मार्ग मनाला सर्वांत सोपा वाटतो आणि त्याचा आधारही खरा असतो. शेजारच्या मागावरचा मित्र किंवा बाजूच्या टेबलावरची ताई एवढे जाणत असेल की गोळी चुकली तर आठवण करायची आणि बोलणे विसंगत वाटू लागले तर घरी फोन करायचा, तर एखादा मोठा प्रसंग वेळीच टळू शकतो. पण या सांगण्याने पाळी बदलत नाही, रजा मिळत नाही आणि कायद्याचे संरक्षणही मिळत नाही. उलट एकदा सांगितलेली गोष्ट परत घेता येत नाही. म्हणून हा मार्ग स्वतंत्र मानू नये. तिसऱ्या मार्गाला जोड म्हणून तो घ्यावा, आणि जिच्याशी आपले नातेवाईकांचे जाळे जुळलेले नाही अशी व्यक्ती त्यासाठी निवडावी.

गरज सांगणे, नाव न सांगणे

मालकाला किंवा मास्तरला तुमच्या आजाराचे शास्त्र समजून घ्यायचे नसते. त्याच्यासमोर प्रश्न एवढाच असतो की हा माणूस उद्या कामावर येणार का, कोणत्या पाळीला येणार आणि माल वेळेवर निघणार का. या प्रश्नांचे उत्तर आजाराचे नाव न घेता देता येते. 'मला अमुक आजार आहे' या वाक्याने ऐकणाऱ्याच्या मनात भीती आणि ऐकीव कल्पना जाग्या होतात, पण हातात करण्यासारखे काही येत नाही. 'मला सहा महिने रातपाळी नको' या वाक्याने त्याच्या हातात एक काम येते आणि ते तो करू शकतो किंवा नाकारू शकतो.

टॉवेलच्या कारखान्यात आठवड्याला पाळी बदलणाऱ्या एका कामगाराचे उदाहरण घेऊ. त्याला द्विध्रुवीय विकार आहे आणि झोप बिघडली की उन्मादाचा झटका येण्याचा धोका वाढतो, हे त्याच्या डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितले आहे. त्याची गरज एकच आहे: कायम दिवसपाळी. त्याने मास्तरला गर्दीत, पाळी बदलतानाच्या गडबडीत हे सांगू नये. पगाराच्या दिवशीही सांगू नये, कारण त्या दिवशी प्रत्येक मागणी पैशाची वाटते. मधल्या एखाद्या दिवशी, मास्तर निवांत असताना सांगावे आणि सोबत कागद द्यावा. कागदावर साधारण असा मजकूर पुरेसा आहे: 'माझ्यावर वैद्यकीय उपचार सुरू असून डॉक्टरांनी पुढील सहा महिने रात्रपाळी टाळण्याचा व रात्रीची झोप नियमित ठेवण्याचा सल्ला दिला आहे. तरी या काळात मला दिवसपाळीत काम मिळावे, ही विनंती. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.'

मास्तर विचारणारच, 'अरे, झालंय तरी काय?' त्यावर उत्तर आधीच ठरवून ठेवावे आणि ते खरे असावे: 'झोपेचा आणि त्यावरून तब्येतीचा त्रास आहे मास्तर, इलाज चालू आहे, सहा महिने रात्रीचं जागरण बंद सांगितलंय.' यात खोटे काही नाही आणि अधिक काही नाही. वेळ मारून नेण्यासाठी कावीळ, टायफॉइड किंवा पित्ताचे कारण सांगण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. खोटा आजार सांगितला की तो निभवावा लागतो. कावीळ दीड महिन्यात बरी व्हायला हवी असते आणि सहा महिन्यांची सवलत तिच्यावर टिकत नाही. पुढे खरे बाहेर आले, तर लोक आजारापेक्षा खोटेपणाच अधिक काळ लक्षात ठेवतात.

प्रमाणपत्राविषयी एक अडचण आहे. डॉक्टरांना 'निदान न लिहिता केवळ कामाविषयीचा सल्ला लिहून द्या' अशी विनंती करता येते आणि ती रास्त आहे. परंतु चिठ्ठीच्या माथ्यावर किंवा शिक्क्यात मानसोपचारतज्ज्ञ हा शब्द असतो आणि ज्याला कळायचे त्याला तेवढ्यावरून कळते. नेहमीचे फॅमिली डॉक्टर उपचारांत खरोखरच सहभागी असतील आणि त्यांना सर्व माहिती असेल, तर कामाविषयीचा सल्ला त्यांच्याकडून लिहून घेणे हा सरळ उपाय आहे. उपचारांशी संबंध नसलेल्या डॉक्टरकडून ओळखीवर प्रमाणपत्र आणणे मात्र टाळावे.

पगाराचा विचार करताना कामगार विमा योजना, म्हणजे ईएसआय, या मार्गाला मोठा आधार देते. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले आणि योजनेत नोंदलेले कामगार तिच्या कक्षेत येतात. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनियासारखे मनोविकारही आहेत. किमान दोन वर्षांची सलग विमापात्र नोकरी आणि वर्गणीच्या अटी पूर्ण केलेल्या कामगाराला अशा आजारात ८० टक्के दराने, कमाल दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. या सर्वांसाठी निदान विमा योजनेच्या डॉक्टरांना माहीत असणे आवश्यक असते. मालकापुढे निदानाची चर्चा करण्याचे कारण नाही.

तिसऱ्या मार्गाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. नाव न सांगितल्यामुळे, पुढे वाद झाला तर मालक 'आम्हाला आजाराची कल्पनाच नव्हती' असे म्हणू शकतो आणि ते खरेही असेल. ही मर्यादा मान्य करूनच हा मार्ग निवडावा.

ज्यांच्यापुढे हाही मार्ग पूर्ण खुला नाही, त्यांचा उल्लेख टाळणे अन्यायाचे होईल. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला पाळी नसते आणि रजाही नसते. पान-तंबाखू किती मिळाली आणि हजारामागे किती विड्या छाटात (खराब म्हणून बाजूला) गेल्या, यावर तिची मजुरी ठरते. नैराश्याने हात मंदावले की विड्या कमी होतात, हिशेबाच्या वेळी तेवढीच कमी मजुरी हातात पडते, आणि सांगायचे तर कोणाला, हा प्रश्न तिच्यापुढे उरतो. तिच्यासाठी मालकाला सांगण्यापेक्षा घरात सांगणे आणि कामाचा वाटा काही आठवडे इतरांनी उचलणे अधिक उपयोगाचे आहे. तिच्या बाबतीत कायद्याचा आधार तोकडा पडतो, हे खेदाने नोंदवावे लागते.

लेखी, निदानासह कळवणे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातील २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत मानसिक आजाराचा समावेश आहे. या कायद्याची खरी ताकद शासकीय आस्थापनांत दिसते. कलम २० नुसार शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याशी भेदभाव करायचा नाही आणि त्याला वाजवी सोयी द्यायच्या आहेत. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येत नाही. तो त्या पदाचे काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर न्यायचे असते, आणि असे पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवायचे असते. शासकीय भरतीतील चार टक्के आरक्षणात एक टक्का हिस्सा ज्या गटासाठी आहे, त्यात स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांच्यासोबत मानसिक आजारही आहे. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते.

येथे आजार आणि दिव्यांगत्व या दोन गोष्टींची सरमिसळ होऊ नये. सहा महिन्यांत बरे झालेले नैराश्य हा आजार होता. दिव्यांगत्व म्हणायला त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकणारा असावा लागतो. त्यामुळे प्रत्येकाने प्रमाणपत्राच्या मागे लागावे असे अजिबात नाही. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या शासकीय लिपिकाने आधी रजेचा विचार करावा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला २० दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परावर्तित करून निम्म्या दिवसांसाठी पूर्ण वेतन घेता येते. या रजेसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र कार्यालयात जातेच, म्हणजे शासकीय सेवेत पूर्ण गुप्तता तशीही राहत नाही. जे फाइलमध्ये जाणारच आहे, ते व्यवस्थित आणि आपल्या शब्दांत जाणे अधिक चांगले. शासकीय सेवेत चौथा मार्ग मला उजवा वाटतो, तो या कारणानेही.

खासगी क्षेत्रात चित्र फिके होते. कलम ३ मधील भेदभाव न करण्याचे तत्त्व सर्वांसाठी आहे, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधीचे सविस्तर धोरण जाहीर करणे अपेक्षित आहे. मोठ्या कंपनीत असाल तर हे धोरण आधी मागून वाचावे. ते उपलब्ध असेल आणि त्यात जबाबदार अधिकाऱ्याचा उल्लेख असेल तर लेखी कळवण्याला काही आधार आहे असे समजावे. लहान कारखान्यात असे धोरण बहुधा कोणी पाहिलेलेही नसते. कलम २० चे नोकरी टिकवणारे संरक्षण शासकीय आस्थापनांपुरते आहे आणि पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे दाद मागता येत असली, तरी रोजंदारीवरच्या माणसाला त्या प्रक्रियेचा वेळ परवडत नाही. म्हणून यंत्रमागावरच्या कामगाराने निदानाचा कागद मालकाच्या हाती देण्याची घाई करू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

केव्हा सांगावे

मुलाखतीत सांगू नये. परिवीक्षाधीन काळात, म्हणजे नोकरी कायम होण्याआधी, आजाराचे नाव शक्यतो सांगू नये, गरज मात्र सांगता येते. नोकरी कायम झाल्यावर, तब्येत स्थिर असताना, कामाची बाजू चोख असताना सांगणे सर्वांत चांगले. आजार ऐन भरात असताना स्वतः सांगायला जाणे टाळावे; त्या वेळी बोलण्यात जे अधिक-उणे होते तेच ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते.

नोटीस किंवा आरोपपत्र आल्यावर मात्र हे सर्व गणित उलटते. गैरहजेरी, वरिष्ठांशी उद्धट वर्तन, कामातील चुका असे आरोप लेखी आले आणि त्यांचा संबंध आजाराशी असेल, तर लेखी उत्तरात निदान, उपचारांचा कालावधी आणि कागदपत्रे द्यावीत आणि त्यात विलंब करू नये. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात निकाल दिला, की मानसिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीवर त्या दिव्यांगत्वाशी निगडित वर्तनासाठी शिस्तभंगाची कारवाई सुरू करणे हा अप्रत्यक्ष भेदभावाचा प्रकार आहे. आजार हेच गैरवर्तनाचे एकमेव कारण होते असे सिद्ध करण्याची गरज नाही, तो एक कारण असला तरी पुरे, असेही न्यायालयाने म्हटले. शासकीय सेवेतील माणसाला या निकालाचा थेट उपयोग आहे. खासगी नोकरीत त्याचे बळ कमी पडते, तरी चौकशीच्या कागदांत आजाराची नोंद असणे आणि नसणे यांत पुढे फार फरक पडतो.

कोणताही कागद देताना त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि सहीसह पोच घ्यावी. पोच द्यायला कोणी तयार नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवावे. व्हॉट्सॲपवर पाठवायचे झाल्यास केवळ संबंधित व्यक्तीला पाठवावे. कारखान्याच्या किंवा शाखेच्या गटावर 'आजारी आहे, येत नाही' एवढेच लिहावे. निदानासह पत्र देत असाल तर शेवटी एक ओळ जरूर घालावी: 'सदर माहिती माझ्या रजेच्या आणि कामाच्या निर्णयापुरतीच वापरावी व माझ्या संमतीशिवाय इतरांस सांगू नये.'

घरच्यांचे सांगणे

वरचे चारही मार्ग रुग्ण स्वतः निवडतो, असे गृहीत धरून लिहिले आहेत. प्रत्यक्षात आपल्याकडे अनेकदा सांगणारा वेगळाच असतो. माणूस चार दिवस अंथरुणातून उठत नाही, मालकाचा फोन येतो आणि काळजीने कासावीस झालेला भाऊ किंवा पत्नी सांगून मोकळी होते, की त्यांचे डोके ताळ्यावर नाही, डोक्याच्या डॉक्टरांकडे नेले आहे. हेतू चांगला असतो, पण त्या एका फोनमध्ये रुग्णाने महिनोन्‌महिने विचार करून घेतलेला निर्णय संपतो.

म्हणून तब्येत बरी असतानाच घरात बसून ठरवावे की कारखान्यातून किंवा कार्यालयातून फोन आला तर तो कोणी घ्यायचा आणि काय सांगायचे. वर दिलेल्या उदाहरणातील कामगाराच्या पत्नीला एवढेच वाक्य माहीत असले तरी पुरे: 'त्यांना बरं नाही, दवाखाना चालू आहे, सोमवारपर्यंत येतील, कागद पाठवते.' मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १४ नुसार प्रौढ व्यक्तीला साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. हा प्रतिनिधी उपचारांच्या निर्णयांत मदत करण्यासाठी असतो आणि नोकरीशी त्याचा कायदेशीर संबंध नाही. परंतु ज्या व्यक्तीवर उपचारांचा विश्वास टाकता येतो तिच्यावरच हा फोनही सोपवावा आणि बाकीच्यांनी मालकाचा फोन आल्यास तिचा नंबर द्यावा.